वाट्याला आलेली गोळी

सुलक्षणा हिरेमठ ज्या गावात एकदा जाऊन येई, तिथे तिला पुन्हा कुणी बोलावत नसे. कामच तसं होतं. नव्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू व्हायची तेव्हा डॉक्टर मंडळी यायची, नारळ फुटायचा, फोटो निघायचे. तीच चाचणी मधेच बंद पडली की ते सांगायला सुलक्षणाला धाडलं जायचं. तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पुण्याच्या कचेरीत सगळे तिला 'मिटवणारी' म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. दुकान उघडायला माणूस लागतो तसा शटर ओढायलाही लागतोच की, असं ती म्हणायची.

तिचे दोन नियम होते. एक, ही बातमी फोनवर द्यायची नाही. दुसरा, चहा यायच्या आत द्यायची. चहा पिऊन झाल्यावर वाईट बातमी सांगितली की यजमानाला फसवल्यासारखं वाटतं, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. या दोन नियमांवर तिने गडचिरोलीत सिकलसेलची चाचणी मिटवली, सांगलीत विस्मरणाची, नाशकात अर्धशिशीची. मुंबईत टक्कल घालवण्याच्या औषधाची चाचणी मिटवली तेव्हा सगळ्यांत जास्त रडारड झाली, हेही ती हसत सांगे.

चाचण्या पूर्वीही मधेच बंद व्हायच्या, पण क्वचित. तराजू आल्यापासून दहातल्या सहा-सात अर्ध्यावरच मिटू लागल्या.

तराजू म्हणजे एक गणिती यंत्रणा. ती काय करते हे सुलक्षणाला गावोगाव समजावून सांगावं लागे, त्यामुळे तिला ते तोंडपाठ होतं. चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एकाला खरं औषध, दुसऱ्याला त्याच रंगरूपाची पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नसतं आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. ठरलेली वर्षं भरली की दोन्ही गट शेजारी ठेवायचे. जो फरक दिसेल तो औषधाचा गुण.

आता कुणी विचारेल, मग रोजच्या रोज डोकावून का बघायचं नाही? तर त्यात एक गोम आहे. नाणं उडवत राहिलं आणि आपल्याला हवं तेव्हाच थांबलं, तर कुठलंही नाणं लबाड ठरवता येतं. वारंवार डोकावणाऱ्याला योगायोगसुद्धा गुण वाटू लागतो. तराजूने ही गोम सोडवली होती. ती रोज बघे, पण रोज बघितल्याची किंमत स्वतःच्या हिशोबातून वजा करी. आजवरचे रक्ताचे अहवाल घेऊन चाचणीचा उरलेला भाग ती मनातल्या मनात हजारो वेळा खेळून पाही. त्यातल्या जवळजवळ एकाही खेळात औषध जिंकत नसेल, तर ती म्हणे, थांबा. औषध उघड जिंकत असेल तरीही म्हणे, थांबा, आता सगळ्यांनाच द्या.

या दुसऱ्या 'थांबा'साठीच सुलक्षणा या नोकरीत आली होती. ती सोलापुरात कॉलेजला असताना तिचे वडील फुप्फुसांच्या चाचणीत होते. त्यांची फुप्फुसं आवळत चालली होती. रोज सकाळी पूजा आटोपली की ते तीर्थ घ्यावं तशी ती गोळी घेत. दुसऱ्या गटातले लोक जिने चढू लागले होते आणि बाबांना अंगणातल्या तुळशीपर्यंत जाववत नव्हतं. तरीही चाचणी ठरलेल्या तारखेपर्यंत चालली, कारण तेव्हा तशीच रीत होती. औषध उत्तम ठरलं. बाबांची गोळी रिकामी होती हे घरच्यांना ते गेल्यावर कळलं. ही फसवणूक आहे असं सुलक्षणाला तेव्हा वाटलं आणि पुढेही वाटत राहिलं. तराजू बनवणाऱ्या डॉ. कौमुदी पानवलकर यांच्या हाताखाली काम मिळालं तेव्हा तिने मनोमन त्या यंत्राला नमस्कार केला होता.

केळवेळची चाचणी थांबवण्याचा आदेश आला तो साधा पहिल्या जातीचा होता. औषधाचा उपयोग नाही, थांबा.

केळवेळ हे सिंधुदुर्गातलं समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. उन्हात राबणाऱ्या माणसांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी करणारा एक आजार काही ठरावीक पट्ट्यांत होतो. त्याचं कारण अजून धड कळलेलं नाही. केळवेळ आणि त्याच्या वाड्यांमध्ये तो इतका होता की चाचणीतले सगळेच रुग्ण या एका गावचे होते. तीन वर्षं ते औषध घेत होते आणि तीन वर्षांनी दोन्ही गट अगदी बरोबरीत होते.

सुलक्षणा दुपारी पोचली तेव्हा किनाऱ्यावर रापण चालली होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीने ते अर्धगोल टाकून यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. यंत्रांच्या बोटी आल्या तरी केळवेळने आपली रापण सोडली नव्हती. दोर ओढणाऱ्यांत पुढे एक पन्नाशीची बाई होती, नऊवारी वर खोचलेली, टाच वाळूत रुतवून मागे रेललेली. ती द्वारका कुबल. सुलक्षणाने तिची माहिती वाचली होती. चाचणी सुरू झाली तेव्हा गावात सर्वांत वाईट अवस्था तिची होती आणि वर्ष-दीड वर्षात डायलिसिस लागेल असं डॉक्टरांचं मत होतं.

जाळं वर आलं. बांगडे आणि तारल्या वाळूवर ओतल्या गेल्या, आणि रापणीचे म्होरके बाबुल तांडेल उकिडवे बसून वाटे करू लागले. सत्तरीचे, काटक, बोलायला कंजूष. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हाताऱ्याने नुसता हात ठेवला तरी वाटा. जो आजारी म्हणून घरी आहे त्याचा वाटा घरी जाई, आणि हंगामात कुणी वारलं तर हंगाम संपेपर्यंत त्याचाही वाटा निघे. एक ढीग सुलक्षणासमोर आला. मी दोर कुठे ओढला, असं तिने विचारलं, तर पाहुण्यांनी ओढलेला नसला तरी चालतो असं उत्तर आलं. तिच्या घरात मासा शिजत नाही हे सांगायचं तिला धाडस झालं नाही. संध्याकाळी तिने ते बांगडे मुक्कामाच्या घरच्या बाईला देऊन टाकले.

जाळी ठेवायच्या मांगरात सगळे जमले. चहा यायच्या आत तिने सांगून टाकलं. औषधाचा उपयोग दिसला नाही, चाचणी थांबते आहे, गोळ्यांच्या बाटल्या परत न्यायला मी उद्यापर्यंत आहे. रडणं-ओरडणं झालं नाही. द्वारकाने एवढंच विचारलं, की म्हणजे गोळ्या बंद? बंद, सुलक्षणा म्हणाली. मग सगळ्यांनी बाबुलकाकांकडे पाहिलं, काका जमिनीकडे पाहत राहिले, आणि चहा आला.

मुक्कामाला परतताना तिच्या मनात काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. याच आजाराची एक जुनी चाचणी तिने विदर्भात मिटवली होती. तिथे दर तिसऱ्या माणसाच्या दंडाला डायलिसिसच्या सुयांच्या गाठी होत्या, बायका बिनमिठाचं वेगळं रांधत होत्या, आणि यादीतली काही नावं नुसती नावंच उरली होती. इथे तसं कुणीच दिसलं नव्हतं. जिला डायलिसिसवर असायला हवं ती दोर ओढत होती. इथला आजार सौम्य असेल, तिने स्वतःला समजावलं. तराजूलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटल्या आणायला मांगराकडे गेली. आतलं दृश्य पाहून ती दारातच थांबली.

गाव ओळीने आत बसलं होतं. प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली. त्या बाटलीचं झाकण उघडलं की त्याची नोंद थेट तराजूकडे जाई, आणि केळवेळच्या नोंदी नेहमीच चोख असत. लोकांनी झाकणं उघडली. प्रत्येकाने एक गोळी काढली आणि मधे ठेवलेल्या बांबूच्या रोवळीत टाकली. तांदूळ धुवायची साधी रोवळी. बाबुलकाकांनी ती दोन्ही हातांनी चांगली हलवली आणि फिरवायला दिली. जो तो न बघता एक गोळी उचले, तोंडात टाके आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवे. फार शांतपणे चाललं होतं सगळं. तीन वर्षं रोज असंच चाललं होतं.

सुलक्षणा आत गेली आणि वाळूवरच बसली. हे काय करताय, असं तिने विचारलं. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

बाबुलकाकांना तिच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी फार प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना पोकळ, आणि कुणाला काय हे नशिबावर. त्या रात्री गाव बसलं. शेजाऱ्याच्या पोकळ गोळीवर आपण जगायचं हे कुणालाच रुचेना.

"ज्येचो हात दोराक लागलो त्येका वाटो," काका म्हणाले. "मगे गोळयेक न्याय वेगळो कित्याक? डाक्टरान सांगल्यान, सकाळी एक गोळी घेवची. आमी एकच घेतव."

"पण ज्याची त्यानेच घ्यायची असते, काका."

"तसा कोणी सांगूक नाय."

आणि खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं. सुलक्षणाने डोळ्यांपुढे सगळे संमतीचे कागद आणले. गोळी चुकवू नये, दुसरं औषध घेऊ नये, मूल होऊ देऊ नये, सगळं लिहिलेलं होतं. आपली गोळी शेजाऱ्याच्या गोळीत मिसळू नये असं लिहायचं जगात कुणालाच सुचलं नव्हतं. पूर्वी रक्तातलं औषध मोजायचे, त्यात हे उघडं पडलं असतं. पण तराजूला तेवढ्या तपासण्यांची गरज नसते म्हणून तो खर्च वाचवला होता.

मग तिच्या डोक्यात ते एकदम लख्ख झालं. कागदावर दोन गट होते, पण मांगरात एकच गट होता. रोवळीतून उचलणाऱ्या प्रत्येकाला सरासरी एक दिवसाआड खरं औषध मिळत होतं, सगळ्यांना सारखंच. मग दोन पारड्यांत फरक दिसणार कसा? तराजूने अगदी अचूक उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजूंना एकच वस्तू ठेवली होती, एवढंच तिला माहीत नव्हतं. आणि द्वारका दोर ओढत होती. म्हणजे औषधाचा उपयोग नाही असं नव्हतंच. कदाचित ते इतकं चांगलं होतं, की निम्म्या मात्रेतही पुरलं होतं.

तिने तिथूनच पानवलकरबाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून विचारलं, की यातलं काय सिद्ध करता येईल, आणि स्वतःच उत्तर दिलं, की काहीच नाही. गावात औषधाविना राहिलेलं कुणीच नाही. तुलना करायची कुणाशी? आजार इथे सौम्य आहे असं म्हटलं, तर ते खोडून काढायला काय आहे आपल्याकडे? आदेश झाला आहे, औषध बनवणाऱ्यांनी कारखान्याचा तो विभाग बंद करायला घेतला आहे, उरलेला साठा नष्ट होईल आणि हे औषध कायमचं मोडीत निघेल. या गावाला नाही आणि विदर्भातल्या त्या दंडांवर गाठी असलेल्यांनाही नाही.

"एक वाट आहे," शेवटी बाई म्हणाल्या, "पण ती तुला आवडणार नाही."

वाट अशी होती. आता सगळ्यांची मूत्रपिंडं टिकून आहेत. तर पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्यांचं औषध चालू ठेवायचं आणि अर्ध्यांचं कुणालाही न कळू देता काढून घ्यायचं. औषध खरं असेल तर ज्यांचं काढलं ते खालावू लागतील, आणि तराजू ते लवकर टिपेल. शास्त्रात ही पद्धत जुनी आहे, मान्य आहे. पण एक अट. या वेळी ज्याची गोळी त्यानेच घ्यायची. रोवळी बंद.

सुलक्षणाला ती वाट खरंच आवडली नाही. ज्या गोष्टीचा तिने आयुष्यभर राग केला, तीच गोष्ट आता ती स्वतः जाऊन मागणार होती.

पंधरवड्याने पानवलकरबाई स्वतः आल्या. चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडून त्यांनी हट्टाने परवानगी मिळवली होती. चूक कागदाची आहे, माणसांची नाही, असं त्यांनी तिथे ठणकावून सांगितलं होतं. मांगरात उलट्या घातलेल्या होडक्यावर बसून त्यांनी सगळं नीट समजावलं, आणि मग नेहमीप्रमाणे लोकांनी सुलक्षणाकडे पाहिलं. साध्या शब्दांत सांगायचं काम तिचं होतं.

बाबुलकाका आधीच मान हलवत होते. एकाने उपाशी राहायचं आणि दुसऱ्याने त्याच्या समोर जेवायचं, हे या वाळूवर कधी झालेलं नाही, असं ते म्हणाले. लोकांतही तीच कुजबुज होती.

द्वारकाने विचारलं, "वाटून घेतला तर काय होतला?"

"पुन्हा दोन्ही पारडी सारखी होतील," सुलक्षणा म्हणाली. "मग हे औषध कुणालाच मिळणार नाही. विदर्भात हाच आजार घेऊन डायलिसिसवर असलेल्या माणसांनाही नाही. पण द्वारकाताई, दुसरी बाजूही ऐका. ज्यांना पोकळ गोळी येईल त्यांची मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. जेवढं जाईल तेवढं परत येत नाही. तराजू थांबवेल, पण कधी थांबवेल ते मी सांगू शकत नाही."

मग तिने जे कचेरीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बाबांच्या गोळीबद्दल. तुळशीपर्यंतच्या चालण्याबद्दल. हे ऐकून गाव नाही म्हणालं तर बरं, असंही तिला आतून वाटत होतं.

बाबुलकाकांनी ऐकून घेतलं. "तुमच्या बापाशीक कोणी इचारलला?" त्यांनी विचारलं.

"सही घेतली होती."

"सही न्हय. इचारलला काय?"

सुलक्षणाला आठवत होतं ते एवढंच, की घाईघाईत खुणा केलेल्या जागी बाबांनी सह्या केल्या होत्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं गेलं होतं. नाही, ती म्हणाली.

सर्वांत आजारी द्वारका होती आणि ती काय म्हणते याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. तिची आई पाय सुजून गेली होती, थोरला भाऊही तसाच गेला होता. डायलिसिसचं यंत्र कुडाळला होतं, आठवड्यातले तीन दिवस त्यातच जाणार. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आमका इचारलास ना," ती म्हणाली. "मगे माजा नाव घाला."

ती म्हणाली आणि एकेक करून बाकीचेही म्हणाले. सर्वांत शेवटी बाबुलकाकांनी नाव सांगितलं. नंतर त्यांनी रोवळी उचलून मांगराच्या आढ्याला टांगली.

त्यानंतरचे महिने सुलक्षणाला जड गेले. ती इतर चाचण्या मिटवत राहिली, मधुमेहाच्या जखमांची लातुरात, सांधेदुखीची अकोल्यात. लोकांना ती पूर्वीच्याच शब्दांत सगळं सांगे, पण आता चहा घेतल्यावर थोडा वेळ थांबे आणि तुम्हाला सुरुवातीला कुणी नीट विचारलं होतं का, असं विचारी. लोक गोंधळून तिच्याकडे बघत. केळवेळचं काय चाललंय हे तिला कळायला मार्ग नव्हता. ते फक्त तराजूला ठाऊक होतं, आणि तराजू वेळेआधी बोलत नसे. ज्या यंत्राला तिने नमस्कार केला होता, त्याच्यावर ती आता मनातल्या मनात चिडू लागली होती. कधी केळवेळला फोन केला तर काका रापणीबद्दल बोलत, मासळी कमी झाल्याबद्दल बोलत, आणि द्वारका बरी आहे म्हणत. दिवाळीनंतर द्वारका फोनवर यायची थांबली.

होळी तोंडावर आली होती तेव्हा आदेश निघाला. ठरलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी. औषध उघड जिंकतं आहे, थांबा, सगळ्यांना द्या. कचेरीत टाळ्या झाल्या, पानवलकरबाईंनी सुलक्षणाचा हात दाबला. मग गटांची पाकिटं उघडली गेली आणि सुलक्षणाने सर्वांत आधी एकच नाव शोधलं. ते पोकळ गोळीच्या गटात होतं. बाबुल तांडेल औषधाच्या गटात होते.

ती केळवेळला पोचली तेव्हा पुन्हा दुपार होती आणि पुन्हा रापण चालली होती. दोर ओढणाऱ्यांत द्वारका नव्हती. ती मांगराच्या सावलीत उलट्या होडक्यावर बसली होती. चेहरा पिवळसर झाला होता, पाय सुजून पायांतली जोडवी काढून ठेवावी लागली होती. कुणीतरी चहा आणायला निघालं, त्याला सुलक्षणाने हाताने थांबवलं.

"चाचणी थांबली," ती म्हणाली. "औषध खरं आहे. उद्यापासून सगळ्यांना मिळेल. तुम्हालाही. पण ताई, तुमची—"

"पोकळ होती," द्वारका म्हणाली. "दिवाळेआदीच कळला माका. पाय सांगतत."

मग सांगितलं का नाही, असं सुलक्षणाने विचारलं. विचारताना तिला रडू येत होतं. द्वारका म्हणाली, कुणाला सांगायचं, सांगितलं असतं तर यांनी आपल्या गोळ्या आणून दिल्या असत्या. आणि तसं झालंही होतं. बाबुलकाकांनी तिची चाल पाहून ओळखलं होतं. एका सकाळी त्यांनी आपली गोळी कागदात गुंडाळून तिच्या घराच्या ओटीवर आणून ठेवली होती. ती द्वारकाने तशीच परत नेऊन दिली आणि काकांनी ती गिळेपर्यंत त्यांच्या दारातून हलली नाही.

"मी घेतलंय असतंय, तर तुमची ती तराजू परत चुकली असती," द्वारका म्हणाली. तिने सुजलेला पाय वाळूत जरा पसरला. "विदर्भातल्यांचा तुमीच सांगितलास ना."

डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. पूर्ण मात्रेत औषध सुरू केलं तर आहे तिथे थांबेल, निदान काही वर्षं डायलिसिस लांबेल असा त्यांचा अंदाज होता. अंदाजच, खात्री नाही. सुलक्षणाने ते जसंच्या तसं सांगितलं. द्वारकाने मान डोलावली आणि तिकडे काय दोर वडतत बघ, जोर नाय कोणाक, असं म्हणत ती उठली. सुलक्षणाच्या खांद्यावर हात ठेवून ती दोरापर्यंत गेली. ओढायचं बळ नव्हतं. तिने दोरावर नुसता हात ठेवला. सुलक्षणाने चपला काढल्या, साडी खोचली, आणि तिच्या मागे उभं राहून दोर धरला. दोर ओला आणि खरखरीत होता, आणि वाटला होता त्यापेक्षा फारच जड निघाला.

जाळं आलं. मासळी बेताचीच होती. बाबुलकाका वाटे करायला बसले. द्वारकाचा वाटा झाला, सुलक्षणाचा झाला. सगळे वाटे झाल्यावर त्यांनी प्रत्येक ढिगातून एकेक बांगडा काढत सुलक्षणाच्या ढिगाशेजारी आणखी एक ढीग लावला.

हा कुणाचा, तिने विचारलं.

"तुमच्या बापाशीचो," काका म्हणाले. "त्येचो पण हात लागललो."

सुलक्षणाने त्या ढिगाकडे पाहिलं. सोलापुरात, देशात, कुठेकुठे त्या फुप्फुसांच्या औषधावर माणसं जिने चढत होती. ती रोज त्यांच्यात वावरत होती आणि त्यांचा तिने मनोमन राग केला होता. बाबांना कुणी विचारलं नव्हतं हे खरंच होतं, ते काही पुसलं जाणार नव्हतं. पण त्यांनी हात लावला होता, हेही खरं होतं. ती रडली, चांगली मोकळी रडली, आणि किनाऱ्यावरच्या कुणालाच त्यात काही नवल वाटलं नाही.

"काका," डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्याकडे मासे खात नाहीत. बाबाही खात नव्हते."

"खावक व्हयो असा खंय आसा?" बाबुलकाका म्हणाले. "वाटो घेवचो. मगे कोणाक तरी देवचो."

सुलक्षणाने पिशवी उघडून पुढे धरली.